रातपाळीच्या घरातली शहाणी पोरं

ये, इकडे जवळ बस. अशी उंबऱ्यापाशी अवघडून नको बसूस, पाठीला उशी घे. मला ठाऊक आहे की तू इथं नाहीस, तू तिकडे बोईसरला तुझ्या घरी आहेस आणि मी इथं सिल्वासात खाटेवर बसून लिहिते आहे. पण समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय मला ओळ सुचत नाही. तेव्हा तू बसलीयेस असं धरते, आणि आधी तुला रागावून घेते.

काल फोनवर काय म्हणालीस? "आई, ही हल्ली फार शहाणी झालीये. मी दुपारी आडवी झाले की जरासुद्धा आवाज करत नाही. कोपऱ्यात एकटी खेळते. दुसरं येणार म्हणून आपोआप समज आली बघा." केवढ्या कौतुकानं सांगितलंस. मी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि चहा टाकायला गेले, तर साखरच टाकायची राहिली. तुझ्या सासऱ्यांनी तो तसाच पिऊन टाकला. ते कुठे काय बोलतात.

सूनबाई, तीन वर्षांच्या पोरीला शहाणी म्हणू नकोस गं. हा शब्द या घरात फार वापरून झालाय. आणि तूच ना ती, मागच्या उन्हाळ्यात याच घरातून रागानं बॅग भरून गेलीस? नवऱ्यानं पोरीच्या तोंडावर हात ठेवला म्हणून? जाताना म्हणालीस, "आई, तुमच्या घरात मला गुदमरल्यासारखं होतं." त्यानंतर आली नाहीस. तो एकटा येतो, जेवतो, हं हं करतो आणि जातो. तू तेव्हा रागावलीस ते बरोबरच होतं. पण तो हात त्याचा एकट्याचा नव्हता, हे तुला कुणी सांगितलं नाही. त्याला सांगता येणार नाही. म्हणून मी सांगते.

आम्ही शिरपूरकडून इथं आलो तेव्हा मसाटच्या बाजूला नुसत्या कंपन्या उभ्या राहत होत्या. तुझे सासरे धाग्याच्या कंपनीत लागले. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातीची. मशीनवर बॉबिनी गरगरत असतात, धागा तुटला की चालू मशीनमध्ये हात घालून तो जोडायचा. उभ्यानं काम, आणि कानात सारखी घरघर. आमच्याच चाळीतल्या एका बिहारी पोराला कामावर डुलकी लागली आणि त्याची बोटं गेली. त्याला दवाखान्यातून आणलं तेव्हा मी बघायला गेले होते. हाताला हे एवढं पांढरं गाठोडं. परत आले आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच बसलं, की माझ्या माणसाची झोप पुरी झाली पाहिजे.

झोप कुठली तर दिवसाची. खोली एक. वर पत्रा, मध्ये साडीचा पडदा. पडद्याच्या पलीकडे हे झोपलेले आणि अलीकडे मी, चूल-भांडी आणि दोन पोरं. तुझी नणंद तेव्हा पहिलीत जायची, सकाळची शाळा, अकराला घरी. तुझा नवरा नुकता धावायला लागलेला.

तुला सांगू, मी काय काय केलं त्या झोपेसाठी. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, मग तिला दुपार लागली तरी चालेल. बादलीत पाणी पडताना आवाज होतो म्हणून नळाला फडकं बांधून त्याचं टोक बादलीच्या तळाशी सोडायचं, पाणी फडक्यावरून मुकाट खाली उतरायचं. माझ्या बांगड्या मी कोपरापर्यंत वर सरकवून ठेवायची. दाराच्या कडीला चिंधी. आणि तुझ्या नणंदेच्या पायातले पैंजण, तिच्या मामानं हौसेनं घातलेले, ते मी काढून डब्यात ठेवले. म्हटलं, दिवसपाळीच्या आठवड्यात घालू. पुढे ते तिला लहान झाले.

मी लिहा-वाचायला शिकले तेसुद्धा त्याच दुपारी. पोरगी अभ्यास करायची, मी तिच्या शेजारी बसून तिची अक्षरं गिरवायची. पाटीवर नाही, पाटीवरची पेन्सिल किर्र करते. कागदावर शिसपेन्सिलीनं. लिहिण्याचा आवाज होत नाही, म्हणून मला लिहिणं परवडलं.

आता धाकट्याचं काय करायचं? एवढंसं पोर. त्याला हवं तेव्हा हसू येणार, हवं तेव्हा रडू येणार. मी किती ठिकाणी पुरणार? माझे हात पिठात असायचे. मी पोरीला म्हणायची, "बघ गं त्याच्याकडे, पप्पा उठतील." एवढंच म्हणायची. मारलं नाही कधी, ओरडायचा तर प्रश्नच नव्हता, ओरडणार कशी? पण पोरगी कामाला लागली. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं की रडू बाहेर पडायच्या आत हिचा हात त्याच्या तोंडावर. जोरात नाही गं. हलकेच, फुलपाखरू धरावं तसा. दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारायची आणि हळू फुंकर घालायची. मग त्याचं रडू आतल्या आत जिरायचं. नुसतं अंग हलायचं. डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही.

ती दोघं खेळायचीसुद्धा तशीच. तळहातावर बोटानं काहीतरी काढायचं आणि समोरच्यानं ओळखायचं. हसू आलं की गोधडीत तोंड खुपसायचं. त्यांच्या खुणा होत्या, मला निम्म्याही कळायच्या नाहीत. भुवई वर म्हणजे भूक, कान धरला म्हणजे शेजारचा पोरगा आला, असलं काहीतरी. मला गंमत वाटायची. मी पोळ्या लाटत त्यांच्याकडे बघत बसायची, जणू आवाज बंद केलेला टीव्ही.

शेजारी नवसारीकडची एक गुजराती बाई राहायची. ती सगळ्या चाळीला ऐकवायची, "केटलां डाह्यां छोकरां छे, अवाज ज नथी." डाह्यां म्हणजे शहाणी. तिची स्वतःची तीन दिवसभर ओट्यावर दंगा घालायची, ती आपल्या पोरांना आमची दाखवायची, की बघा, शिका. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू. परक्या गावात आलेली, भाषा अर्धी कळायची नाही, पण माझी पोरं शहाणी, हे सगळ्यांना मान्य होतं.

एकदा त्याचं बोट दारात चेमटलं. लोखंडी दार, वाऱ्यानं आपटायचं, म्हणून मी त्याला चिंधी लावलेली, पण फटीत त्याचं बोट होतं. मला कळलंच नाही. मी मागे धुणं धूत होते. तो गेला ताईकडे आणि बोट पुढे केलं. तिनं त्याला ओढत मोरीत नेलं, बोट पाण्यात धरलं, स्वतःच्या रिबिनीनं बांधलं आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. संध्याकाळी हे कामावर गेल्यावर जेवायला बसवलं तर तो डाव्या हातानं खातोय. म्हटलं, "उजवा कुठं गेला तुझा?" तेव्हा बघितलं. नख काळंनिळं. मी म्हटलं, "अरे, मला हाक तरी मारायची." तर पोरगी काय म्हणाली? "त्याला मारायची होती. मी नको म्हटलं."

आणि मी, सूनबाई, ही गोष्ट कौतुकानं सांगत फिरले. किती सोसतो बघा माझा बाळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी माझी जाऊ तेवढी वेगळं बोलली. गावी अक्षय्य तृतीयेला गेलो होतो. खानदेशात त्या दिवशी झाडांना झोके बांधतात, पोरीबाळी गाणी म्हणतात, नुसता कल्ला असतो. माझी दोघं भिंतीला पाठ लावून बसलेली, एकमेकांचा हात धरून. जाऊ म्हणाली, "काय गं, तुझी पोरं काय ठेवणीतली आहेत का? काढ जरा बाहेर, हवा लागू दे त्यांना."

मी म्हटलं, "आमच्याकडे शिस्त असते."

"शिस्त असेल बाई. पण पोरांना तोंडं असतात ना?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आज ती असती तर मी तिच्या घरी जाऊन बसले असते.

खरं म्हणजे मला तेव्हाच काहीतरी दिसत होतं. दिवसपाळीचा आठवडा यायचा, घर मोकळं, पडदा वर केलेला. मी म्हणायची, "आज करा रे काय दंगा करायचा तो." तर दोघं माझ्याकडे बघत राहायची. मग तीच बोटं, तेच तळहात. दंगा करायचा कसा, हे त्यांना येतच नव्हतं. पोहायला शिकवलं नाही आणि नदीवर नेऊन सोडलं, तसं झालं ते. दमणगंगेच्या काठावर पोर उभं राहील, पण पाण्यात उतरेल कसं? मी बघितलं आणि म्हटलं, चला, स्वभावच शांत आहे.

पुढे तुझी नणंद लग्न होऊन सुरतेला गेली. उधन्याला. मांडवात सगळे रडले. याच्या डोळ्यांत टिपूस नाही. टेम्पोच्या मागच्या फळीची साखळी होती, ती नुसती काढत होता आणि अडकवत होता. टेम्पो निघायचा होता, तर ड्रायव्हर म्हणाला, "भाई, छोड ना अब." तेव्हा सोडली. चाळीतले लोक म्हणाले, काय कठीण काळजाचं पोर आहे. तुझी नणंद टेम्पोतून बघत होती. तिनं स्वतःचा तळहात तोंडावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. लोकांना वाटलं हुंदका दाबतेय. तो काय अर्थ होता, ते त्या दोघांनाच माहीत.

ती गेली आणि मला कळलं की मला माझा पोरगा वाचता येत नाही. ताट पुढे ठेवलं की मी विचारायची, भाजी आवडली नाही का? काही नाही. ताप आहे का? काही नाही. कामावर काही झालं का? काही नाही. आणि तिकडून ताईचा फोन यायचा, हा नुसता हं म्हणायचा, आणि ती मला सांगायची, "आई, त्याला कणकण आहे, बघ जरा अंगाला हात लावून." हात लावावा तर अंग तापलेलं.

म्हणून तू जे मला एकदा भांडी घासताना म्हणालीस ना, "ते ताईंशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत," ते तसं नाही गं. तो तिच्याशीही बोलत नाही. तिला न बोललेलं ऐकू येतं, एवढंच. ते तिला लहानपणी शिकावं लागलं. आणि तिचं तरी काय बरं झालं? तिच्या घरी कुणाचं ताट वाजलं तरी ती दचकते. नवऱ्याच्या कपाळावर आठी दिसायच्या आधी ती पाण्याचा ग्लास घेऊन उभी. सासरी सगळे म्हणतात सून लाख मोलाची. पण तिला काय हवंय हे कुणी विचारलं तर ती हसते. तिला ते सांगायची वेळ कधी आलीच नव्हती, ती तर पहाऱ्यावर होती.

आता ती मागच्या उन्हाळ्यातली दुपार. तू स्वयंपाकघरात आंब्याचा रस काढत होतीस, म्हणून तुला सुरुवात दिसली नाही. तू आलीस ती शेवटाला. आता हे घर आपलं आहे, दोन खोल्या आहेत, वर स्लॅब आहे, तुझे सासरे कधीचे घरी बसलेत. ते खाटेवर पडले होते, डोळे मिटून. तुझ्या लेकीनं कुठून तरी वाढायचा डाव मिळवला आणि स्टीलची ताटली घेऊन बसली, आणि लागली बडवायला. काय आवाज, काय आनंद तिच्या तोंडावर.

आणि सूनबाई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझं बोट माझ्या ओठांवर गेलं. सुरतेहून आलेली तुझी नणंद शेंगा निवडत होती, तिचा हात हवेत उचलला गेला. आणि तुझा नवरा पोरीच्या सगळ्यात जवळ होता, त्याचा हात पोचला. एवढाच फरक. तिघांचे हात एकदम उठले, एकाच ठिकाणी जायला. त्याचा जवळ होता म्हणून तो दिसला.

तू धावत आलीस, पोरीला ओढून घेतलंस. म्हणालीस, "तोंड काय दाबता तिचं? खेळतेय ना ती?" तो उभा राहिला, हात तसाच पुढे. पोरगी रडली नाही, टकामका बघत होती, त्याचं मला जास्त भय वाटलं. आणि तुझे सासरे खाटेवरून म्हणाले, "कोण झोपलंय?"

कुणीच झोपलं नव्हतं गं. कित्येक वर्षांत या घरात दिवसा कुणी झोपलं नव्हतं.

"मग वाजवू दे की," ते म्हणाले. पण तोवर तू आत बॅग काढत होतीस.

तुम्ही गेल्यावर, नणंदही गेल्यावर, ते माझ्याजवळ येऊन बसले. मी तांदूळ निवडत होते. तांदळातले दोन खडे वेचले आणि म्हणाले, "पोरं माझ्यासाठी गप्प बसायची?"

मी म्हटलं, "तुमच्या झोपेसाठी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"झोपलेल्या माणसाला काय सांगायचं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून गिळते आहे. म्हणाले, "मी उठायचो तर दोघं भिंतीला टेकून माझ्याकडे बघत असायची. मी हात पुढे केला की ती एकमेकांकडे बघायची. मला वाटायचं, पोरं मला घाबरतात. म्हणून मी जवळ जायचोच नाही. म्हटलं, उगीच कशाला भीती घालायची."

बघ कसं झालं. पोरं बापावरच्या मायेनं गप्प. बाप पोरांवरच्या मायेनं लांब. आणि मी मध्ये पडदा धरून उभी, की सगळं कसं छान चाललंय. वाईट कुणीच नव्हतं गं आमच्यात. त्याचंच जास्त वाईट वाटतं. कुणी वाईट असतं तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडली असती. बोटं शाबूत राहिली तुझ्या सासऱ्यांची, धाग्याच्या मशीनवर इतकी वर्षं काढून एक ओरखडासुद्धा नाही. ते मी कमावलं. पण त्याच्या बदल्यात घरातून काय गेलं, ते मोजायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं लहान पोराला दूध, भाकर, औषध वेळेवर मिळालं की झालं. त्याला रडू आलं तर ते पूर्ण रडायला मिळालं पाहिजे, कुणीतरी धावत आलं पाहिजे, आणि ते येणारं माणूस सहा वर्षांची बहीण असता कामा नये, हे मला आता या वयात कळतंय.

म्हणून काल तुझा फोन ऐकून मी साखर विसरले. तुझ्या माहेरी मी आले आहे, तुम्ही पाच बहिणी एका वेळी बोलता आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, माझं डोकं दुखलं होतं तिथं. तूच मला म्हणाली होतीस, "आई, आमच्याकडे भांडीपण भांडतात." आणि आता तूच कौतुक करतेस की पोर आवाज करत नाही? तू थकतेस, मला कळतं. सातवा लागला, पाय सुजतात, दुपारी पाठ टेकल्याशिवाय निभत नाही. पण ती कोपऱ्यात गप्प बसते ती समज आली म्हणून नव्हे. तिला कळलंय की आईला त्रास होतोय, आणि आपला आवाज म्हणजे त्रास. बस्स, तिथून सुरू होतं. उद्या बाळ येईल, तू म्हणशील, हळू गं, बाळ उठेल. म्हणशीलच, सगळ्याच म्हणतात. पण उठलं तर उठू दे. बाळाला काय कंपनीत जायचंय? पुन्हा झोपेल. तिला ताई होऊ दे, राखणदार करू नकोस.

आणि त्याच्यावर तुझा राग असेल तर त्याला मोठ्यानं सांग. 'काय झालं' असं विचारू नकोस, विचारलं की 'काही नाही' येतं, मला पाठ आहे. तुझं सांग, शेजारी बस, आणि वाट बघ. मी वाट बघायला शिकले नाही कधी, मला नेहमी काहीतरी चुलीवर असायचं.

तुझ्या सासऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यांनी बाजारातून पत्र्याची पिपाणी आणलीये, नातीसाठी. वाजते की नाही म्हणून भर दुपारी स्वतःच ओट्यावर बसून वाजवून बघितली. समोरची बाई विचारायला आली, काका, बरे आहात ना? मागच्या रविवारी तुझा नवरा आला तेव्हा ती फळीवर होती. त्यानं उचलली, उलटीपालटी करून बघितली, तोंडाला लावली. मी आणि हे, दोघंही त्याच्याकडे बघत होतो. पण त्यानं फुंकली नाही. परत फळीवर ठेवली, आवाज होऊ नये अशी, हळूच.

हे उठले, त्यांनी ती घेतली आणि त्याच्यासमोर एकदा जोरात वाजवली. तो चमकला. मग थोडं हसला. त्या दिवशी चहा होऊनही लगेच उठला नाही, बापाशेजारी खाटेवर टेकून बसला.

तेवढ्यावर मी हे लिहायला घेतलं. आता तू ये. पाय जास्त सुजायच्या आत ये, मी तुझी ओटी भरते, हवं ते करून घालते. दुपारी तू आतल्या खोलीत झोप, पोरीला आमच्याकडे दे. कुकरच्या शिट्ट्या होतील, ताटल्या वाजतील, म्हातारा पिपाणी वाजवेल, तुला झोप लागायची नाही कदाचित, तेवढं सोस. पोरीला घेऊन ये, त्यालाही घेऊन ये. लवकर ये गं माय.